कापसातली झोप

नवऱ्याला माझ्या पोटातलं बरंचसं मी न बोलताच कळतं, पण ही गोष्ट त्यालाही ठाऊक नाही. बहिणीला नाही, आईला तर नाहीच. एकदा शाळेतल्या मैत्रिणीला सांगायचं म्हणून तोंड उघडलं होतं — आणि मग चहा थंड झाला असं काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. आणि ज्यांना सांगायला हवं होतं ते आता नाहीत, म्हणूनही.

मी पुसदला राहते, शाळेत भूगोल शिकवते, आणि मोबाइलवर फोटो काढते. लहानपणापासून मला जागेपणी तंद्री लागते. आई म्हणायची, ही पोरगी भाजी निवडता निवडता गावाबाहेर जाऊन येते. फोटो म्हणजे त्या तंद्रीला मिळालेलं काम. हिवाळ्यात नदीवर उतरलेलं धुकं, तुरीची पिवळी फुलं, एसटीच्या काचेवर कुणीतरी बोटानं ओढलेली रेघ — असलं काहीबाही. घरचे हसायचे. मीही हसायचे, पण फोटो काढत राहायचे.

माहेर महागाव तालुक्यातलं. वडील लवकर गेले. त्यांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, त्यांनी आम्हा बहिणींना वाढवलं. शेत थोडं होतं, आवाज मात्र मोठा. पौर्णिमेला विहारात वंदना तेच घ्यायचे. ते पुढे म्हणायचे आणि गाव मागून. पाचवं शील आलं — दारूपासून, नशेपासून लांब राहण्याचं — की त्यांचा आवाज किंचित चढायचा आणि मागच्या रांगेतली दोन-चार माणसं माना खाली घालायची. आम्ही पोरी तोंडावर हात ठेवून हसायचो. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशी दारू सोडली होती. मोठेबाबांनी ती कधी धरलीच नव्हती. गावात त्यांना मान होता तो एवढ्याच एका गोष्टीचा, असं म्हटलं तरी चालेल.

आमच्याकडे कापूस घरात भरून ठेवतात, भाव चढेल या आशेवर. दिवाळीनंतर पुढची खोली अर्धीअधिक कापसाची होते. आल्यागेल्यानं दाराजवळ उरलेल्या जागेत बसायचं. पोरं ढिगावर उड्या मारून बोलणी खातात, आणि मोठी माणसं, कुणी पाहत नसलं की, हळूच त्यावर आडवी होतात. अंगाला खाज सुटते, तरी होतात.

नाताळच्या सुट्टीत मी गेले होते. दुपारची वेळ. मोठेबाबा सकाळभर वेचणीच्या बायांबरोबर वावरात होते, घरी आले, जेवले, ढिगाला टेकले आणि तसेच झोपले. छताच्या टिनांमध्ये उजेडासाठी एक पारदर्शक पत्रा बसवलेला आहे, त्यातून ऊन नेमकं त्यांच्यावर उतरलं होतं. एक हात खाली लोंबत होता. हाताशी पाण्याचा गडवा कलंडलेला. तोंड उघडं. दाढीचे खुंट पांढरे, बनियन पांढरं, कापूस पांढरा — माणूस कुठं संपतो आणि कापूस कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं. उन्हात तंतू तरंगत होते, खाली येत नव्हते. मला वाटलं, मी या खोलीत नाहीच, त्यांच्या स्वप्नात उभी आहे. एकच फोटो काढला.

उठल्यावर त्यांना दाखवला. त्यांनी फोन हात लांब करून धरला, डोळे बारीक केले.

"मस्त झोपलो वं मी," ते म्हणाले. मग हसले. "पन कोनाले दाखवू नको बरं शालू. तोंड उघडं हाय माहं."

नाही दाखवत, असं मी म्हटलं. हसत म्हटलं. तेही हसतच बोलले होते — पण बोलले होते ना?

पुसदला परतल्यावर एका रविवारी दुपारी मी तो फोटो नेटवर टाकला. जगभरचे लोक आपापले फोटो ठेवतात अशी एक साइट आहे, तिथं माझं खातं होतं. माहेरच्या आडनावानं उघडलेलं. शाळेत, बँकेत, गॅसच्या कार्डावर सगळीकडे नवऱ्याचं आडनाव. हे एक नाव कुठंतरी जिवंत ठेवावं असं मला वाटायचं. फोटोला मी नाव दिलं, 'कापसातली झोप'. मग साइटनं नेहमीचा प्रश्न विचारला — हा फोटो लोकांना कोणत्या परवान्यावर द्यायचा?

तोवर मी सगळे फोटो पहिल्याच परवान्यावर टाकत आले होते. सर्व हक्क राखीव. मला विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. कुणी लावतही नव्हतं. धुकं पडून होतं, तुरीची फुलं पडून होती. या फोटोच्या वेळी मी पहिल्यांदा पुढचे पर्याय नीट वाचले. एकात होतं, फोटो घ्या, फक्त माझं नाव लिहा. दुसऱ्यात, नाव लिहा पण धंद्यासाठी वापरू नका. आणि एक असा होता — नाव लिहा, पण फोटोत बदल करू नका, जसा आहे तसा राहू द्या.

त्या अटीवर माझं बोट थांबलं होतं. हे मला लख्ख आठवतं. जसा आहे तसा. तेवढं एक निवडलं असतं तर आज मी तुमच्यासमोर बसले नसते.

पण साइटवरच लिहिलेलं होतं की अटी जितक्या कमी, तितका फोटो लांब जातो. लांब म्हणजे कुठं? मी खिडकीत बसून पाहू लागले. कुठल्याशा बर्फाच्या देशात एक मूल भूगोलाचं पुस्तक उघडतं आहे. कापसाचा धडा आहे. त्यात मोठेबाबा झोपलेले, आणि खाली बारीक अक्षरात माझं नाव, माहेरच्या आडनावासकट. ते मूल ते नाव वाचायचा प्रयत्न करतं, त्याला उच्चार जमत नाही. किती वेळ मी त्या मुलाकडे पाहत होते कोण जाणे. खाली भाजीवाला ओरडून निघून गेला.

मग मी सगळ्यात मोकळा, पण नाव राखणारा परवाना निवडला. घ्या, बदला, विका, काहीही करा — फक्त माझं नाव लिहा. मनाशी म्हटलं, हे दान आहे. आमच्या विहारात लोक पंखे दान देतात आणि पात्यांवर देणाऱ्याचं नाव रंगवून घेतात. पंखा बंद असला की नाव दिसतं. त्या लोकांची मी आयुष्यभर चेष्टा केली आहे. त्या दुपारी मात्र मला पंखे आठवले नाहीत.

साइटनं विचारलं, हा फोटो तुम्ही स्वतः काढला आहे का? हो. खरंच होतं. खाली बारीक अक्षरात फोटोतल्या माणसाच्या संमतीबद्दल काहीतरी होतं, आणि एकदा दिलेला परवाना परत घेता येत नाही, असंही होतं. ते वाचलंच नाही, असं मला म्हणता येईल. पण मी वाचलं होतं. फोटो माझा होता, चेहरा माझा नव्हता — इतकं साधं होतं ते, आणि मी बटण दाबलं.

फोटो खरोखर फिरला. कुणीतरी दूरदेशीच्या माणसानं आपल्या पानावर लावला, खाली माझं नाव. मी ते पान पुन्हा पुन्हा उघडून पाहायचे. मोठेबाबांना सांगितलं नाही. काय सांगणार होते?

उन्हाळ्यात बंडूदादाचा फोन आला. बंडूदादा म्हणजे मोठेबाबांचा मुलगा. तो म्हणाला, "शालू, ढाणकीले बाबाचा फोटो लागला. दारुड्याचा म्हून लागला."

मी ढाणकीच्या बाजारात पोचले तेव्हा मोठेबाबा आणि बंडूदादा आधीच तिथं होते. बसस्टँडच्या भिंतीला फ्लेक्स बांधला होता, कुठल्याशा व्यसनमुक्ती शिबिराचा. वर मोठ्या लाल अक्षरात 'तुमच्या घरातही असा कुणी आहे का?' आणि खाली मोठेबाबा. तोंड उघडं, हात लोंबता. कापूस नव्हता. कापूस कापून टाकला होता आणि त्यांना रस्त्याच्या कडेला, कचऱ्याशेजारी निजवलं होतं. गडव्याच्या जागी बाटली. बदल करायची परवानगी होती. मीच दिलेली.

बाजाराचा दिवस होता. पाचपंचवीस माणसं जमली होती. काही ओळखीची, जयभीम घालून गप्प उभी राहिलेली, काही नुसती मजा पाहणारी. मोठेबाबा फ्लेक्सच्या अगदी जवळ गेले होते.

"गडवा काहून काढला यायनं?" ते म्हणाले. "पानीच तं होतं."

मी त्यांच्याजवळ गेले. त्यांचा हात धरावा म्हणून गेले, हे खरं आहे. आणि तेव्हाच मला खालचा कोपरा दिसला. पांढऱ्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, छायाचित्र — आणि पुढे माझं नाव. पूर्ण. माहेरच्या आडनावासकट. ज्यानं कुणी तो फ्लेक्स बनवला होता त्यानं माझी अट पाळली होती.

बाकी कुणाचं अजून लक्ष गेलं नव्हतं, सगळे चेहऱ्याकडे पाहत होते. कोपऱ्याला तार बांधली होती आणि वाऱ्यानं तिथं फ्लेक्स आधीच चिरला होता. मी पाठमोरी झाले. मागे हात नेला, चिरेला धरून ओढलं. आवाज झाला, पण बाजारात कुणाला ऐकू येणार? तो तुकडा मी मुठीत चुरगाळला आणि पर्समध्ये टाकला.

एवढंच केलं असतं तरी — नाही, एवढंच करून मी थांबले नाही.

मोठेबाबा माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा उजळला होता, काहीतरी सुचल्यासारखा. लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शालू, तुह्या फोनमधला दाखव न वं यायले. खरा फोटो. कापूस हाय, गडवा हाय. दाखव."

फोटो फोनमध्ये होता. फोन पर्समध्ये होता, त्या तुकड्याला लागून. मला फक्त हात घालायचा होता. पण दाखवला की कुणीतरी विचारणारच, तुझ्या फोनमधला फोटो भिंतीवर आला कसा? आणि मग मोठेबाबा विचारणार — मी तुले म्हनलं होतं ना? तो प्रश्न मला त्यांच्या तोंडून ऐकायचा नव्हता. लोकांचं मला तितकंसं वाटत नव्हतं, त्यांचंच भय वाटत होतं.

"तो डिलीट झाला, मोठेबाबा," मी म्हटलं. "नेटवरून चोरतात आजकाल फोटो. चोरला कुणीतरी."

त्यांचा हात खाली आला. गर्दीतला एक जण म्हणाला, फोटो चोरीचा का होईना, मानूस तं पिऊन पडेल दिसतेच. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

फ्लेक्स बनवणारा विलास म्हणून होता. बाजारातच त्याचं फ्लेक्स आणि झेरॉक्सचं दुकान. लाइन गेलेली, विलास दारात बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होता. बंडूदादानं त्याची कॉलर धरली. तो गांगरला, पण पळाला नाही. म्हणाला, "चोरला नाई दादा. ज्यानं काढला त्यानंच वापरा म्हून ठेवला होता. नाव टाकलं मी खाली. कोपऱ्यात पाहा न."

सगळे परत भिंतीपाशी गेले. कोपऱ्यात काही नव्हतं.

विलास त्या फाटक्या कोपऱ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "नाव ध्यानात नाई, पन कम्प्युटरात हाय. लाइन आली का दाखवतो. थांबा, लाइन येऊ द्या."

आणि मी काय केलं? चोर, म्हटलं. स्पष्ट, चारचौघांत, शाळेत मुलांना दरडावते त्या आवाजात. पोलिसांचं नाव काढलं. वर्गात मी मुलांना शिकवते, नेटवरून चित्र घेतलं तर खाली नाव लिहायचं असतं. ज्यानं ते लिहिलं होतं त्याला मी चोर म्हटलं. मग मोठेबाबांच्या खांद्यावर हात ठेवून बंडूदादाला म्हटलं, चल, त्यांना ऊन लागेल. किती मायेनं म्हटलं मी! मला भीती फक्त लाइन येण्याची होती.

विलासनं मोठेबाबांपुढे हात जोडले. फ्लेक्स काढून घेतो म्हणाला, चुकलं म्हणाला. आम्ही ऑटोत बसलो. ऑटो वळला तेव्हा बाजारातल्या दुकानांतले पंखे एकामागून एक फिरायला लागले. मी ते पाहिलं. ड्रायव्हरला थांब म्हणता आलं असतं.

संध्याकाळी माहेरी मोरीत जाऊन, कडी लावून, मी फोनमधला फोटो खरोखर डिलीट केला. बोललेलं खरं करून टाकलं म्हणा. साइटवरचाही काढला, खातं बंद केलं. ज्यांनी आधी घेतला होता त्यांच्याकडे तो राहिला, परवान्यासकट. त्यावर माझा इलाज नव्हता, आणि त्या दिवशी मला तो नकोच होता.

त्यानंतरच्या पौर्णिमेला मोठेबाबा विहारात गेले, पण पुढे बसले नाहीत. मागच्या रांगेत, दाराशी बसले. लोकांनी आग्रह केला. मला आईनं सांगितलं, ते म्हणाले, "पाचवं शील म्हनलं का लोक माह्या तोंडाकडं पाह्यतात. दुसऱ्या कोनाले म्हनू द्या." मग शाळेतले एक मास्तर वंदना घेऊ लागले. त्यांचा आवाज बारीक आहे, मागच्यांना ऐकू येत नाही. मोठेबाबा मागून सगळ्यांसोबत म्हणायचे, हळू.

विलासला ढाणकीत फोटोचोर म्हणू लागले. त्यानं दुकानाचं नाव बदललं, तरी म्हणत राहिले. कम्प्युटरातलं नाव त्यानं कुणाला दाखवलं की नाही ते मला कधी कळलं नाही; दाखवलं असेल तरी चोराचं कुणी मानलं नसणार. शाळांची ओळखपत्रं, लग्नाचे फ्लेक्स दुसरीकडे गेले. हे मला बंडूदादा आनंदानं सांगायचा.

आणि मोठेबाबा? ते पाहुण्यांना सांगायचे, आमच्या शालूनं चोर पकडला, मास्तरीण हाय ना, तिले कळते सगळं. मी समोर असले तरी सांगायचे. एकदाही त्यांनी मला विचारलं नाही की तो फोटो डिलीट कसा झाला. विचारायचं राहून गेलं, की विचारायचं नव्हतंच? मला माहीत नाही. पुष्कळदा ती दुपार डोळ्यांपुढे येते — तंतू तरंगताहेत, ते झोपलेत, आणि मी फोन न काढता नुसती उभी आहे. मग त्यांचे डोळे उघडतात आणि मी जागी होते.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. पुढच्या खोलीत कापूस होता, म्हणून त्यांना ओसरीत ठेवलं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी बंडूदादाला त्यांचा फोटो हवा होता. आधार कार्डावरचा सोडला तर एकही धड नव्हता. बाबांनी सांगून ठेवलं होतं म्हणाला, कापसातला सापडला तर तोच लावा. मी म्हटलं, पाहते. त्या दूरच्या देशातल्या माणसाचं पान मला पाठ होतं. उघडलं. फोटो तसाच होता — ऊन, कापूस, कलंडलेला गडवा. त्या माणसानं कशालाही हात लावला नव्हता. खाली माझं नाव, शेजारी परवान्याची ओळ. कुणालाही घेता येईल असं लिहिलं होतं, म्हणून मीही घेतला. नाव छापलं नाही.

आता तो फ्रेममध्ये आहे, दाराच्या समोर. येणारा माणूस आधी हार पाहतो, मग थांबतो. अरे, हा तं कापूस हाय, असं कितीतरी जण म्हणाले. विहारातले ते बारीक आवाजाचे मास्तर फोटोपुढे बराच वेळ उभे होते, जाताना डोळे पुसत गेले. बंडूदादा सगळ्यांना सांगतो की शालूनं कुठून कुठून शोधून काढला, आणि ढाणकीच्या त्या चोरानं चोरला होता तो हाच. मी तिथंच असते. चहाचा ट्रे हातात असतो.

विलासनं फोटो चोरला नव्हता. मी दिला होता. खाली माझं नाव त्यानं लिहिलं होतं, मी फाडलं.